संत्र्याच्या पट्टीपासून एम. ए.पर्यंत: अडतिसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्था शिकताना

२०२२ चा नोव्हेंबर होता. नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याच्या आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर निघणारा, माल उतरत होता आणि आमच्या पेढीवर बांगलादेशच्या पार्टीसाठी कॅरेट भरून तयार होते. मी तिथे अकरा वर्षांपासून हिशेब लिहिते. मालकांना सगळे काकाजीच म्हणतात. फोन ठेवून ते म्हणाले, "ताई, ट्रक थांबवा म्हणते पार्टी. एलसीच खुलून नाही राह्यली."

"काऊन?"

"डॉलर नाही म्हणते तिकडे."

एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशाची हमी. ती नाही, म्हणून तो माल दोन दिवसांनी इथल्याच बाजारात पडत्या भावाने गेला. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, मीच लिहिली. हमाली, तोलाई, अडत वजा करून खाली जो आकडा राहिला तो लिहिताना माझ्या बाबांची वरूडची बाग डोळ्यांसमोर आली, कारण त्यांचाही माल त्याच आठवड्यात निघणार होता. एखाद्या देशाला संत्री खायला डॉलर का लागतात, आणि ते संपतात म्हणजे नक्की काय होतं, हे मी काकाजींना विचारलं, बँकेतल्या ओळखीच्या साहेबांना विचारलं. कोणालाच नीट सांगता आलं नाही. मी बी. कॉम. आहे, मलाही सांगता येत नव्हतं.

जून २०२३ मध्ये मुलगी दहावी झाली. तिच्या अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मसाठी कॉम्प्युटरसमोर बसले असताना सहज एम. ए. राज्यशास्त्राचा अभ्यासक्रम उघडला. ऐच्छिक विषयांच्या यादीत "आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्था" असं लिहिलं होतं आणि खाली घटकांमध्ये विनिमय दर, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक व्यापार संघटना. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कपाटात असतं ते तेव्हा कळलं. विद्यापीठाचं आणि कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं कुठेही होऊ शकतं.

कोणत्याही शाखेच्या पदवीवर प्रवेश मिळतो, हे ऐकून मी निर्धास्त झाले. मग कागदांची यादी हातात पडली. बी. कॉम. मी २००६ मध्ये अमरावतीहून केलं, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र लागणार. सतरा वर्षांचा खंड, म्हणजे गॅपचं प्रतिज्ञापत्र. गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. यातलं शेवटचं प्रकरण सगळ्यात जास्त वेळखाऊ निघालं. विवाह नोंदणीचा दाखला पुरेल असं एका खिडकीवर सांगितलं, दुसऱ्या खिडकीवर नावबदल छापलेलं सरकारी राजपत्रच पाहिजे म्हणाले. वाद घालण्यात दोन दिवस गेले आणि शेवटी मी राजपत्रासाठी अर्ज केला. तीन आठवडे लागले, सेवा केंद्राचे पैसे धरून खर्च हजाराच्या आत. आता वाटतं, तो अर्ज मेमध्येच करून ठेवायला हवा होता. ज्या बायकांची कागदपत्रं लग्नाआधीची आहेत त्यांनी प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट पाहू नये. विद्यार्थ्याची क्रेडिट्स जिथे जमा होतात त्या क्रेडिट बँकेचा आयडी डिजिलॉकरमधून आधारवरच्या नावाने निघतो आणि ते नाव कॉलेजच्या नोंदीशी अक्षरागणिक जुळावं लागतं.

प्रतिज्ञापत्राला शंभराचा स्टॅम्प आणि नोटरी मिळून ४२० रुपये गेले. अमरावतीच्या दोन फेऱ्या, एस. टी.ने, हाफ तिकिटात. बायकांना ती सवलत त्याच वर्षी मार्चमध्ये लागू झाली होती. पहिल्या वर्षाची फी साडेनऊ हजारांच्या आसपास. २ ऑगस्टला पावती हातात आली. घरी नवऱ्याने विचारलं, "पगार वाढेल का यानं?" मी नाही म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही, पण संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस त्याने स्वतःकडे घेतला. त्याची खिचडी अजूनही पातळच होते.

२३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. आमचं घर तळमजल्यावर. कपाटाच्या खालच्या खणात कागदपत्रांची फाइल होती. पाणी ओसरल्यावर गुणपत्रिका एकेक सुट्या करून वर्तमानपत्रात दाबल्या, मग सुती ओढणी टाकून हलकी इस्त्री फिरवली. शाई टिकली, शिक्का मात्र फुटला. नोंदणीच्या वेळी बाबूंनी ती गुणपत्रिका उजेडात धरून दोनदा पाहिली आणि चालवून घेतली. शेजारणीने तिच्या मुलाची कागदपत्रं लॅमिनेट केली होती, ती पाण्यात छान राहिली. पण लॅमिनेट केलेली मूळ प्रत काही ठिकाणी घेत नाहीत. प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत, वरच्या खणात, एवढंच पुरतं.

पहिली दोन सत्रं धावपळीत गेली. राजकीय सिद्धांत, संशोधन पद्धती वगैरे. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, कळमन्याहून कॉलेजला पोहोचायला दीड तास. त्याच डिसेंबरच्या ८ तारखेला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि राज्य सरकारने बांगलादेशाने आपल्या संत्र्यावर लावलेल्या आयातशुल्कातला निम्मा भार अनुदान म्हणून उचलायचं ठरवलं होतं. म्हणजे एक सरकार शेजाऱ्याचा कांदा अडवत होतं, दुसरं त्याच शेजाऱ्याने लावलेल्या करासाठी खिशात हात घालत होतं. पेढीवर यावर भरपूर करमणूक झाली. मी तेवढं वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं.

दुसऱ्या सत्रात १२० तासांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतं. मी स्वतःच्याच पेढीचं पत्र नेलं, ते नाकारलं. नोकरी आणि प्रशिक्षण एकच धरता येत नाही म्हणे. मग एका निर्यातदाराच्या पॅकिंग हाउसमध्ये रविवार आणि सुट्ट्या धरून तास भरले. कंटाळा आला असं म्हणणार होते, पण तिथेच मी पहिल्यांदा निर्यातीचं बिल नीट वाचलं.

जून २०२४. तिसरं सत्र. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पेपर आमच्या कॉलेजात दोन वर्षांत कोणी घेतलाच नव्हता. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "दहा जण झाले तर चालवते." मला हे आधी विचारायला सुचलं नव्हतं. ऐच्छिक विषय छापलेला असतो म्हणजे शिकवला जातोच असं नाही. प्रवेशाआधीच विभागात जाऊन विचारा. मी व्हरांड्यात उभी राहून पोरापोरींना गाठलं. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना सांगितलं की हे मुख्य परीक्षेत उपयोगी आहे. एकाला नुसता चहा पाजला. अकरा सह्या झाल्या.

मॅडम चांगलं शिकवायच्या. पहिल्या तासाला फळ्यावर तीन शब्द लिहिले: व्यापारवाद, उदारमतवाद, मार्क्सवाद. एकच घटना तिन्ही चष्म्यांतून पाहायची. त्यांनी उदाहरण मागितलं, मी संत्र्याचं दिलं. व्यापारवादी म्हणेल, बांगलादेशाने आपली डॉलरची गंगाजळी राखली, राज्याचं ते कामच आहे. उदारमतवादी म्हणेल, ढाक्याच्या गिऱ्हाइकाला फळ महाग, वरूडच्या शेतकऱ्याला भाव कमी, दोघांचंही नुकसान. मार्क्सवादी विचारेल, डॉलर छापतो कोण? वर्ग हसला, पण मला त्या तिसऱ्या प्रश्नाने रात्री झोप लागली नाही.

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, पेपर मराठीत लिहिता येतो. मी एक वेगळी वही केली: डावीकडे संज्ञा, उजवीकडे पेढीवरच्या भाषेत अर्थ. "अवमूल्यन" समोर लिहिलं होतं: सरकारने स्वतःच आपल्या नाण्याचा भाव पाडला. त्याखाली जुलै १९९१, कारण त्या महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपया असा दोनदा खाली आणला गेला आणि ४७ टन सोनं परदेशात गहाण पडलं. ब्रेटन वुड्सची परिषद जुलै १९४४, देश ४४, हे लक्षात ठेवायला सोपं. निक्सनने डॉलरची सोन्याशी गाठ सोडली ती १५ ऑगस्ट १९७१ ला, ही तारीख तर कोणीच विसरणार नाही.

प्रेबिश या अर्जेंटिनाच्या अर्थतज्ज्ञाशी माझं थोडं भांडण झालं. कच्चा माल विकणाऱ्या देशांना तयार मालाच्या तुलनेत काळाच्या ओघात कमी कमी मिळत जातं, हे त्यांचं म्हणणं. बाबाही हेच म्हणतात, फक्त त्यांचं माप ट्रॅक्टर असतं: तेव्हा इतक्या टनांत यायचा, आता इतक्या. इथवर मान्य. पण त्या मांडणीत एका बाजूला श्रीमंत केंद्र आणि दुसऱ्या बाजूला गरीब परीघ असतो. माझ्या हिशेबात तर दोन्ही टोकांना परीघच होता, वरूडचा बागायतदार आणि बांगलादेशातल्या जशोरचा फळविक्या. केंद्र कुठे दिसतच नव्हतं.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यावरच प्रबंधिका करा. केंद्र शोधा."

विषयाचा आराखडा मी ३० जुलैला दिला. सहा दिवसांनी, ५ ऑगस्टला, ढाक्यात सरकार पडलं आणि सीमेवर ट्रक अडकले. दोन-तीन वर्गमित्र म्हणाले, विषय बदला, आता माहिती मिळणार नाही. मॅडमनी एकच बदल सुचवला: काळ बांधून घ्या. २०१९ ते २०२३. त्यानंतरचं काहीही झालं तरी तुमच्या कामाला धक्का नाही. चालू घडामोडींवर काही लिहिणार असाल तर हा सल्ला सोन्यासारखा आहे.

आता ज्या गोष्टीत माझा दीड महिना गेला ती सविस्तर सांगते. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मालाच्या कोडनुसार निर्यातीचे आकडे फुकट मिळतात. मी "संत्री" म्हणून ०८०५१० हा कोड टाकला. जे आकडे आले ते पेढीवरच्या अंदाजाशी काही केल्या जुळेनात. पंधरा दिवस मी स्वतःच्या बेरजा तपासत बसले. मग पॅकिंग हाउसच्या जुन्या बिलांचे फोटो काढून पाहिले, तर काहींवर ०८०५२१. नागपुरी संत्रं हे सैल सालीचं, शास्त्राच्या भाषेत मँडरिन. त्याचा कोड वेगळा. घट्ट सालीच्या माल्टा-मोसंबीच्या घरात ते बसत नाही. बिलं करणारे मात्र कधी हा कोड टाकतात, कधी तो. शिवाय ०८०५२१ हे घर २०१७ मध्ये केलेलं, त्याआधी सगळी मँडरिन ०८०५२० खाली. ०८०५१० आणि ०८०५२१ ही दोन्ही घरं एकत्र धरल्यावर चित्र सरळ झालं. वर आणखी एक खड्डा होता: आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, बांगलादेशाचं जुलै ते जून. नुसतं "२०२२-२३" लिहिलं की दोन देशांचे वेगवेगळे महिने एका रकान्यात बसतात. मी मासिक आकडे घेऊन नव्याने बेरजा केल्या. काकाजींच्या जुन्या कॅल्क्युलेटरचं शून्याचं बटण तेव्हापासून अडकतं.

शुल्काचं प्रकरण याहून गमतीचं. वर्तमानपत्रांत सगळीकडे एकच ओळ: २०१९ मध्ये किलोला २० टका (बांगलादेशचं चलन) होतं, २०२३ मध्ये ८८ झालं. वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी दरवर्षी बसून नवा आकडा ठरवला. एका निर्यातदारांनी बेनापोल या सीमेवरच्या नाक्यावरील एजंटाकडून सीमाशुल्काच्या कागदाचा फोटो मागवून दिला. तो मोबाइलवर बोटांनी मोठा करून मी रात्री अकरा वाजता वाचत होते. एकच शुल्क नाही, करांवर कर. आणि हे कर टक्क्यांत. टक्केवारी लागते ती डॉलरमध्ये धरलेल्या किमतीवर. म्हणजे कराचा दर तोच ठेवला तरी टका घसरला की किलोमागचा आकडा आपोआप फुगणार. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण ८६ टका पडत होते, वर्ष संपेपर्यंत शंभरी ओलांडली होती.

त्यापुढचा धागा मग सुटत गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध, तेल आणि गॅस महाग. मार्चपासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, व्याजदर चढवायला घेतले, शून्याजवळचा दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात गेला. जगभरचा डॉलर तिकडे ओढला गेला. मे २०२२ मध्ये बांगलादेशाने चैनीच्या वस्तूंवर २० टक्के नियामक शुल्क, म्हणजे जादा आयातकर, लावलं, त्या यादीत फळं. जुलैमध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेने अशा मालाची एलसी उघडायला पूर्ण रक्कम आधी भरायची अट घातली. काकाजींना नोव्हेंबरमध्ये आलेला फोन तो हाच. ३० जानेवारी २०२३ ला नाणेनिधीने त्यांना ४७० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. फेडरल रिझर्व्ह आणि नाणेनिधी, दोन्ही वॉशिंग्टनमध्ये. केंद्र तिथे सापडलं. आमचं संत्रं एका यादीत "चैन" म्हणून लिहिलं गेलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

भारताने आधीही घातलेल्या कांदाबंदीचा सूड म्हणून त्यांनी शुल्क वाढवलं, असं बाजारात सगळे छातीठोक सांगतात. मी ते प्रबंधिकेत "व्यापाऱ्यांचं मत" म्हणूनच ठेवलं. सूड नव्हताच असं सिद्ध करता आलं नाही, पण डॉलरचा हिशेब एकटाच बरंच काही उलगडून सांगतो.

तिसऱ्या सत्राच्या परीक्षा विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे गेल्या. निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला आणि नेमक्या आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्थेच्या पेपरात माझ्यासमोर "गैरहजर". मी हादरले. मैत्रीण म्हणाली, माहितीचा अधिकार लाव. पण आधी साधा अर्ज केला: हॉल तिकिटाची झेरॉक्स, त्यावर पर्यवेक्षकाची सही, उत्तरपत्रिकेचा क्रमांक. तो क्रमांक मी प्रत्येक पेपरला हॉल तिकिटाच्या मागे लिहून ठेवत असे, हिशेब लिहिणाऱ्याची सवय. त्यामुळे वाचले. अर्जाची आवक क्रमांकासह पोच घेतली आणि दर सोमवारी जाऊन तो क्रमांक सांगत राहिले. ५२ दिवसांनी दुरुस्ती झाली, ६४ गुण. चूक कोणाची ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दरम्यान प्रबंधिका टाइप करायला दिली होती. टायपिंगवाल्या दादांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली, दिसायला सुबक. वाङ्मयचौर्य तपासणीला मात्र युनिकोड फाइल लागते. रूपांतर केलं तर सगळे रफार उडाले. १०८ पानांत "अर्थव्यवस्था"ची "अथव्यवस्था" झाली होती. मुलीने आणि मी चार रात्री बसून एकेक रफार परत बसवला. टाइप करायला देताना पहिलं वाक्य "युनिकोडमध्ये" हे असू द्या. १७ मार्चच्या दंगलीनंतर शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली, बाइंडिंगचं दुकान त्यातच आलं, आठवडा गेला. सादर करायची तारीख ३१ मार्च होती, मी २९ ला पोहोचले. तीन प्रती, प्रत्येकी ३५० रुपये बाइंडिंग. टायपिंग, प्रिंट, प्रवास धरून प्रबंधिकेचा खर्च सात हजारांच्या थोडा वर. दोन वर्षांचा एकूण हिशेब मी मांडला आहे: ४१ हजार ३०० रुपये.

तोंडी परीक्षा १४ मे रोजी, उन्हात. बाहेरून आलेल्या सरांनी पान ४१ उघडलं. "८८ टका हा आकडा कुणाचा?" मी म्हटलं, निर्यातदारांनी सांगितलेला, वर्तमानपत्रांत छापलेला, पान ४३ वर मी सीमाशुल्काच्या एका कागदावरून तो पडताळला आहे. एकाच कागदावरून, हेही तिथे लिहिलं आहे. ते थोडा वेळ पान ४३ वाचत राहिले. मग विचारलं, "संत्री किलोला काय भाव आहेत सध्या?" मृग बहार, म्हणजे संत्र्याचा दुसरा हंगामही, संपलेला होता. मी म्हटलं, सर, मेमध्ये नागपुरात संत्रं नसतं. ते हसले. वीस मिनिटांत मी सुटले.

निकाल जुलैमध्ये लागला. प्रबंधिकेची एक प्रत पेढीच्या गल्ल्याखालच्या खणात आहे. बाहेरगावचा व्यापारी आला की काकाजी पान ४३ काढून दाखवतात, चष्मा न लावता.

ऑगस्टमध्ये भावाचा फोन आला. त्याने संत्र्याची थोडी बाग काढून कापूस लावला आहे. "ताई, आयातशुल्क काढलं म्हणते कापसावरचं. आपल्याले काय होते?" मी सांगितलं: २०२१ च्या अर्थसंकल्पात लागलेलं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ झालं आहे, ३० सप्टेंबरपर्यंत. आपली वेचणी दिवाळीच्या आसपास, तोवर पुन्हा लागलेलं असेल. तो निवांत झाला. दहा दिवसांत अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि कापसाची माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. मला पुन्हा फोन करून आधीचं उत्तर मागे घ्यावं लागलं.

पदवी प्रमाणपत्राचा अर्ज भरला आहे. त्यावर नाव राजपत्राप्रमाणे येणार की गुणपत्रिकेप्रमाणे, हे विचारायला सोमवारी जायचं आहे.